वेदीपाशी न विचारलेला प्रश्न

इंदुरातील पोलोग्राउंड या नावात संस्थानी काळाची एक आठवण अडकून राहिली आहे. खेळाचे घोडे केव्हाच गेले. आज हे नाव घेतले की कारखाने, गुदामे आणि माल भरून घेणारे ट्रक डोळ्यांपुढे येतात. इंदुरातून निघालेला माल आग्रा रस्त्याने सेंधवा, धुळे, नाशिक ओलांडून मुंबईस पोचतो आणि त्याच रस्त्याने मुंबईचा माल माळव्यात येतो. गावाकडून एकटा आलेला कामगार, महिनोन्महिने घराबाहेर राहणारा ट्रकचालक आणि गावी त्याची वाट पाहणारी बायको या तिघांवाचून अशा कोणत्याही वसाहतीचे चित्र पुरे होत नाही. एचआयव्ही हा विषाणू भारतात पसरला तोही पुष्कळ अंशी याच तिघांच्या आयुष्यातून.

अशा वस्तीत तरुणांना आणि नवविवाहित जोडप्यांना सावध करावयास निघालेल्या ख्रिस्ती कार्यकर्त्याने नेमके काय सांगावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे पुरे उत्तर हाती येण्यास ख्रिस्तसभेला पाव शतक लागले, आणि त्या काळात तिला आपले काही जुने शब्द पुन्हा तपासून पाहावे लागले. ही कथा समजून घ्यावयाची तर माळव्यातून काही काळ बाहेर पडून आधी मद्रासला व नंतर गोव्याला जावे लागते.

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ साली डॉ. सुनीती सॉलोमन या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कन्या. विवाह मात्र ख्रिस्ती डॉक्टराशी झालेला. सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला त्यांनी विषय दिला तो असा की, अमेरिकेत थैमान घालणारा हा रोग आपल्याकडे आहे की नाही ते शोधावे. निर्मलाबाईंनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासेत तपासणीची सोय नव्हती. म्हणून ते नमुने वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आले. आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टर बाईंनी लावलेल्या या रोपट्याचा तोवर वटवृक्ष झाला होता. तेथील प्रयोगशाळेत सहा नमुने दूषित निघाले. भारतात एचआयव्ही आहे हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या सहा जणींना स्वतःच्या रोगाचे नावही ठाऊक नव्हते.

ती बातमी वाचून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. रोग आहे, पण तो ‘तसल्या’ वस्तीत आहे! जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

गोव्यातील म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण कॅथलिक घराण्यातील. नाटकाची आवड, निसर्गरक्षणाच्या कामात नोकरी आणि नियमाने रक्तदान करण्याची सवय. ही सवयच त्याला भोवली. रक्तपेढीत त्याचे रक्त तपासले गेले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेले. कारण कोणी धड सांगेना. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीस सक्तीने एकांतवासात ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. तिचा आधार घेऊन त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवले. असे ६४ दिवस गेले. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून जो रक्त देण्यास गेला, त्याच्याच दाराशी शिपाई उभा राहिला.

त्याची आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेली. आनंद ग्रोव्हर हे वकील तिच्या बाजूने उभे राहिले. मुलगा सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद काही अवैध ठरवली नाही. डॉमिनिकने पुढे ईझाबेल द सांता रीटा वाझ या नाट्यक्षेत्रातील आपल्या स्नेही बाईंच्या साहाय्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात उभी केली, आणि १९९२ च्या मे महिन्यात, ऐन तिशीत, तो मरण पावला. ज्या भूमीत गावोगाव चर्चची घंटा दिवसातून तीनदा ऐकू येते, तेथेही या रोगाने बाधलेल्या माणसाशी कसे वागावे हे कोणी कोणाला शिकवलेले नव्हते. शासनाला पहारा सुचला. समाजाला कुजबूज सुचली. डॉमिनिकच्या कथेत धर्मवेदीवरून निघालेला स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही, हे कटू असले तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

त्या आरंभीच्या वर्षांत जगभर जी शिकवण दिली गेली ती बहुतेक भीतीची होती. कवटीची चित्रे, मृत्यूची छाया, ‘सावधान’ असा मथळा. चर्चच्या सभागृहांतील व्याख्यानांतून भीतीला नीतीची जोड मिळाली. तरुणांसाठी शब्द होता संयम. विवाहितांसाठी शब्द होता एकनिष्ठा. हे शब्द चुकीचे होते काय? मुळीच नव्हते. विवाहापूर्वी संयम आणि विवाहानंतर परस्परनिष्ठा पाळली गेली, तर लैंगिक मार्गाने हा रोग शिरण्यास वाटच उरत नाही, हे वैद्यकशास्त्रही मान्य करील. उणीव होती ती निराळीच. ‘परस्पर’ या शब्दावर कोणी जोर दिला नव्हता.

तो जोर पुण्याच्या एका पाहणीने दिला. भोसरीस १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तीन वर्षे पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ५२५ वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. हे कोणालाही अपेक्षितच होते. परंतु उरलेल्या ३९१ जणींचा त्या व्यवसायाशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या, आयुष्यात एकच पुरुष जाणणाऱ्या होत्या. त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित आढळल्या. १९९७ साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘एकनिष्ठ विवाहित स्त्रिया’ असे शब्द होते.

आता या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या, म्हणजे आधीच कसल्या ना कसल्या दुखण्याने पीडित. तेव्हा तो आकडा घरोघरच्या सर्व पत्नींना लावता येत नाही, एवढी सावधगिरी बाळगावयास हवी. तरीही त्या आकड्याने जो बोध करून दिला तो पुसता येत नाही. या बायकांनी धर्मगुरूंनी सांगितलेला, आईने सांगितलेला, समाजाने सांगितलेला प्रत्येक नियम पाळला होता. नियम पाळूनच त्या आजारी पडल्या. ‘पदरी पडले आणि पवित्र झाले’ म्हणत संसार करणाऱ्या मराठी स्त्रीच्या पदरात नवऱ्याबरोबर त्याचा रोगही पडत होता, आणि नवऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा तिला कोणी दिलेली नव्हती. नवरा वारला की ‘पायगुणाची’ म्हणून बोल मात्र तिलाच. तिच्यापुढे उभे राहून ‘एकनिष्ठ राहा’ एवढेच सांगणारे व्याख्यान म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे महत्त्व पटवून देण्यासारखे होय.

येथे ख्रिस्तसभेच्या एका जुन्या रूढीकडे वळले पाहिजे. विवाहापूर्वी वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर करावीत, लागोपाठ तीन सणवारी करावीत, आणि कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास तो सांगावा, असा नियम ट्रेन्ट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली सर्वत्र लागू केला. त्यामागील हेतू व्यवहारी होता. एक लग्न लपवून दुसरे करणारे पुरुष त्या काळी काही थोडे नव्हते आणि फसवणूक होई ती बहुधा मुलीची. म्हणजे वधूचे रक्षण हा त्या घोषणेचा गाभाच होता. पुढे १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबजीवनावरील आपल्या पत्रात विवाहाची तयारी बालपणापासून टप्प्याटप्प्याने व्हावी असे सांगितले, आणि भारतातील धर्मप्रांतांतून विवाहपूर्व वर्ग रुजत गेले. तेथे धर्मगुरू बोलतात, डॉक्टर बोलतात, एखादे अनुभवी दांपत्यही बोलते. कॅथलिक जोडप्याला या वर्गातून गेल्यावाचून सहसा वेदीपाशी उभे राहता येत नाही.

दुसऱ्या कोणत्या यंत्रणेला अशी संधी आहे? सरकारी आरोग्यसेविकेला दारोदार फिरून जो श्रोता मिळत नाही, तो येथे आपल्या पायांनी, जोडीने आणि लग्नाच्या आधी येतो. असे असूनही त्या वर्गात घराचा हिशेब, सासूसुनेचे नाते आणि मुलांचे संगोपन यांवर तासन्‌तास बोलले जाई आणि या रोगाचे नाव घाईघाईने उरकले जाई. सोळाव्या शतकात विचारलेला ‘काही अडथळा आहे काय?’ हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमका येथे विचारावयाचा राहून जात होता.

तो कसा विचारावा, हे मात्र सोपे नव्हते. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली एक प्रकरण आले. एका रुग्णालयाने रुग्णाच्या रक्ताचा निष्कर्ष उघड केल्यामुळे त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. न्यायालयाने नियोजित वधूच्या जिवाचा हक्क मोठा मानला, आणि त्या ओघात बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्कच स्थगित होतो असेही म्हटले. हे दुसरे विधान अनावश्यक होते असा खुलासा त्याच न्यायालयास २००२ मध्ये करावा लागला. गोव्यात २००६ साली लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करण्याचा शासनाचा विचार पुढे आला. ऐकावयास तो उत्तम वाटतो. पण विषाणू शरीरात शिरल्यावर काही आठवडे तपासणीत सापडत नाही. खोटा दाखला पैसे टाकून मिळू शकतो. आणि दोष निघालाच तर गावभर बोभाटा होतो तो बहुधा मुलीकडचा. शिवाय आज निर्दोष निघालेला तरुण लग्नानंतर ट्रकवर चढतोच. सक्तीच्या कागदापेक्षा दोघांनी मिळून, समजून-उमजून, योग्य सल्ल्यानिशी केलेली तपासणी अधिक मोलाची, हे अनुभवी कार्यकर्त्यांचे मत या सर्वांतून तयार झाले. विवाहपूर्व वर्ग ही त्यासाठी जणू मुद्दाम योजलेली जागा.

तरुणांपुढे कसे बोलावे याचा धडा युगांडातून आला. तेथील राजधानी कंपालामध्ये न्साम्ब्या रुग्णालयात आयर्लंडच्या सिस्टर मिरियम डग्गन या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर वर्षानुवर्षे काम करीत होत्या. प्रसूतीसाठी येणाऱ्या तरुण मुलींमध्ये हा रोग त्यांनी डोळ्यांदेखत वाढताना पाहिला. व्याख्यानांनी काही होत नाही हे ध्यानात येताच ‘यूथ अलाइव्ह’ नावाची तरुणांची मंडळे निघाली. सिस्टर के लॉलर यांनी आखलेल्या ‘जीवनासाठी शिक्षण’ या पद्धतीत वक्ता नसतोच म्हटले तरी चालेल. मुले लहान लहान गटांत बसतात. आज मी कोठे आहे, मला कोठे जावयाचे आहे आणि तेथे कसे जाईन, या तीन प्रश्नांची उत्तरे ती एकमेकांशी बोलून शोधतात. मद्य, पैसा, एकटेपण, मित्रांचा आग्रह हे सारे तेथे निघते. शिक्षकी पेशात मुरलेल्या माणसाला ही पद्धत पहिल्यांदा अस्वस्थ करते, कारण तीत त्याचे काम ऐकण्याचे आहे! युगांडात १९९० च्या सुमारास प्रौढांतील रोगाचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. पुढील दशकभरात ते निम्म्याहून खाली आले. त्याचे श्रेय कोणाला किती, याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहे. सरकारचे धैर्य त्यात होते, निरोधाचा प्रसार होता, चर्चची मंडळे होती आणि मृत्यू पाहून शहाणी झालेली घरेही होती.

आपल्याकडे चित्र उलटे दिसले. केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला, तर २००७ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी, आणखी काही राज्यांबरोबर, तो संस्कृतीस घातक म्हणून थांबवला. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३९ टक्के स्त्रियांनी एड्स हे नावच ऐकलेले नव्हते, पुरुषांत मात्र असे १६ टक्केच होते. वर्गखोलीचे दार बंद झाले म्हणजे चर्चच्या सभागृहाचे दार आपोआप उघडे होते असे नाही. संकोच तेथेही कमी नव्हता. पण जेथे एखाद्या धर्मगुरूने किंवा धर्मभगिनीने ते उघडले, तेथे मुलांनी शाळेत विचारता न येणारे प्रश्न विचारले.

आणि त्यांतला एक प्रश्न हमखास निरोधाचा. १९६८ हे वर्ष या बाबतीत मोठे विलक्षण. त्याच वर्षी भारत सरकारने ‘निरोध’ खेडोपाडी विकावयास आणला आणि त्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना नकार देणारे परिपत्रक काढले. तेव्हा प्रश्न जन्माचा होता. वीस वर्षांनी तो मृत्यूचा झाला. नवरा बाधित, बायको निरोगी, अशा जोडप्याने काय करावे? दक्षिण आफ्रिकेच्या बिशपांनी २००१ च्या आपल्या निवेदनात निरोधाच्या सार्वत्रिक प्रसारास विरोध केला, पण अशा दांपत्याने आपल्या सदसद्विवेकास विचारून निर्णय घ्यावा आणि जोडीदाराचे रक्षण करण्याचा त्यांना अधिकार आहे, हेही मान्य केले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत, संसर्ग टाळण्याच्या हेतूने केलेला निरोधाचा वापर काही प्रसंगी जबाबदारीच्या जाणिवेचे पहिले पाऊल ठरू शकतो असे म्हटले. शिकवण बदलली नाही, परंतु तिच्या चौकटीत एका घाबरलेल्या पत्नीसाठी जागा झाली. चर्चच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने निरोधाचा पुरस्कार न करणे समजू शकते. मात्र तो निरुपयोगी आहे असे खोटे सांगणे हा अपराध होय.

भारतातील ख्रिस्तसभेला विश्वासार्हता मिळाली ती मात्र व्याख्यानांपेक्षा शुश्रूषेमुळे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ साली व्यसनाधीनांसाठी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले होते. सुईने मादक द्रव्य टोचून घेणाऱ्यांतून एचआयव्ही पसरू लागला, तेव्हा तेच घर या रुग्णांचेही झाले. वसईकरांना त्या संस्थेचे केंद्र परिचयाचे आहे. ठिकठिकाणी धर्मभगिनींच्या रुग्णालयांनी दारे उघडली. पुढे २००५ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या आरोग्य आयोगाने या रोगाविषयी धोरण जाहीर केले, आणि त्याच्या नावातच करुणा व शुश्रूषा हे दोन शब्द ठेवले. डॉमिनिक गेल्यानंतर तेरा वर्षांनी. उशीर झालाच, पण धोरण कागदावर आले की गावच्या संकोची धर्मगुरूला बोलण्यास आधार मिळतो, हाही लाभ लहान नव्हे.

दरम्यान औषधांनी सारेच बदलले. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे विनामूल्य मिळू लागली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे झाली. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालयातही असे केंद्र आहे. २०११ मध्ये नऊ देशांतील १७६३ दांपत्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत एक जोडीदार बाधित आणि एक निरोगी होता. बाधिताला लवकर औषध सुरू केले, तर जोडीदारास लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, असे दिसून आले. या अभ्यासात पुण्याची संशोधन संस्था होती, आणि मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने काढलेली संस्थाही होती. सुनीतीबाईंनी आणखी एक काम केले होते: बाधित स्त्रीपुरुषांची परस्परांशी लग्ने जुळवण्याचे. २०१५ साली त्या गेल्या. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास व संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई केली. डॉमिनिकच्या दाराशी उभ्या केलेल्या पहाऱ्याला आज असा उत्तर देणारा कायदा आहे.

त्यामुळे पोलोग्राउंडसारख्या वसाहतीत आज तरुण जोडप्यांपुढे बसणाऱ्या कार्यकर्त्याजवळ सांगण्यासारखे पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. निष्ठा पाळा, हे तो सांगतोच. पण दोघांनाही सांगतो. दोघांनी मिळून रक्त तपासून घ्या; दोष निघालाच तर दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जा; गोळी एक दिवसही चुकवू नका; गरोदर असाल तर मूल निरोगी जन्मावे म्हणून औषध आहे. ट्रकचालक नवरा मुंबईहून परतला की त्याची बायको त्याला तपासणीविषयी विचारू शकेल काय, हे त्या घरात ठरते. विवाहपूर्व वर्गात तो प्रश्न तिच्या तोंडी एकदा येऊन गेलेला असला, तर निदान तो तिला परका वाटत नाही.